टेस्टच्या डेटाबेसमध्ये माल भरलाय का?

जँगोवर दुकानाची ऑर्डर साइट बनवून घेताय? मग माझा घोळ ऐका. जीएसटीचे दर मायग्रेशनमधूनच डेटाबेसमध्ये भरलेले होते. ब्राउझरमधून चालणाऱ्या टेस्ट लावल्या. पहिली पास, दुसरीत बिलावर टॅक्स शून्य! दिवाळी तोंडावर, साइट अडकलेली, आणि आम्ही दोन दिवस बिलाचं गणितच तपासतोय. गणित बरोबर होतं हो, दरांचं टेबलच रिकामं होतं.

झालं असं, की जँगो टेस्टसाठी वेगळा डेटाबेस उभा करतो आणि मायग्रेशन चालवतो, म्हणून सुरुवातीला दर असतात. साधी टेस्टकेस त्या टेस्टने केलेले बदल तेवढे मागे घेते. पण लाइव्हसर्व्हरटेस्टकेस टेस्ट संपली की टेबलंच रिकामी करते. गल्ला मोजायला सांगावा आणि पोऱ्याने सुट्ट्या पैशांसकट झाडून न्यावा, तसं.

उपाय सोपा आहे. दर डम्पडेटाने जेसन फाइलमध्ये काढा, क्लासमध्ये 'फिक्स्चर्स' म्हणून तिचं नाव द्या. प्रत्येक टेस्टआधी ती भरली जाते. 'सिरियलाइज्ड रोलबॅक' ट्रू केलं तरी चालतं, पण टेस्ट बऱ्याच हळू होतात. मी फाइलच ठेवली. फक्त 22 सप्टेंबर 2025 सारखे दर बदलले की ती फाइलही बदलायची, हे डेव्हलपरला आजच सांगून ठेवा.