धंद्यातून उद्भवणारा कर्करोग आणि वऱ्हाडातील शेतकरी

भाद्रपदात अमरावती-अकोल्याकडील पऱ्हाटी माणसाच्या छातीला लागते. त्याच सुमारास बोंडअळी दिसू लागते आणि पाठीवर पंप बांधून माणसे शेतात शिरतात. ओल्या पानांतून चालताना मांड्या भिजतात. दुपारी त्याच हातांनी खर्रा घोटला जातो. सायंकाळी गरगरले नाही, उलटी झाली नाही, म्हणजे काहीही बिघडले नाही असे समजून मनुष्य निजतो. ही समजूत अपुरी आहे.

2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले; शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विष लगेच काय करते हे त्या वर्षी सर्वांनी पाहिले. परंतु काही द्रव्यांचा दुसरा परिणाम सावकाश होतो. ती थोडीथोडी, वर्षानुवर्षे अंगात जातात आणि दहा, वीस, कधी तीस वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने प्रकट होतात. तोवर कारण विस्मरणात गेलेले असते.

धुराड्यातील काजळीचा धडा

धंदा व कर्करोग यांचा संबंध प्रथम 1775 साली पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्याने स्पष्टपणे दाखविला. लहानपणी लंडनमधील धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणाच्या त्वचेचा कर्करोग होई. काजळी जांघेतील घड्यांत साचून राहते, हे त्याचे कारण पॉटने ओळखले. पुढे 1892 साली हेन्री बटलिन याने असे दाखविले की, युरोपातील ज्या देशांत हे कामगार अंगभर घट्ट पोशाख घालीत व रोज अंग धूत, तेथे हा रोग क्वचितच आढळे. काजळीसारख्या पदार्थांतील नेमके घातक द्रव्य 1930 नंतरच्या दशकात वेगळे करण्यात आले. म्हणजे रसायन कळण्यापूर्वीच पाणी व कपडा यांनी माणसे वाचविली होती.

हा धडा वऱ्हाडातील फवारणी करणाऱ्यास तंतोतंत लागू पडतो. फवारणीचे विष श्वासापेक्षा त्वचेतून अधिक आत जाते, आणि जांघेची त्वचा ते हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी पट अधिक शोषून घेते. भिजलेले धोतर वा विजार दिवसभर अंगावर ठेवणे म्हणूनच घातक होय.

इतर धंद्यांतील धोका

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था अशा द्रव्यांची छाननी करते. लाकडाच्या भुशाने नाकाचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे. परतवाड्याकडे सागवान कापणाऱ्या सुताराने हे ध्यानी धरावे. फरशी व ग्रॅनाइट कापताना उडणारी वाळूची सूक्ष्म धूळ, अॅस्बेस्टॉसचे तंतू, डिझेलचा धूर व वेल्डिंगचा धूर ही फुप्फुसाच्या कर्करोगाची सिद्ध कारणे आहेत. इंजिनातील वापरलेले तेल कातडीस घातक आहे. बुरशी आलेल्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन यकृतास बाधते. जिनिंगमधील कापसाच्या धुळीची गोष्ट निराळी: तिने श्वासनलिका आवळून दम्यासारखा विकार जडतो, म्हणून तेथेही तोंड झाकणे अगत्याचे आहे.

शेतीच्या औषधांविषयी काय ठाऊक आहे

कीटकनाशके फवारण्याच्या कामाला या संस्थेने 1991 साली ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविले. 2015 साली लिंडेन सिद्ध कर्करोगकारक म्हणून, तर मॅलेथिऑन, डायझिनॉन, डीडीटी व तणनाशक ग्लायफोसेट ही बहुधा कर्करोगकारक म्हणून नोंदली गेली. ग्लायफोसेटविषयी सर्व देशांतील तज्ज्ञांचे एकमत नाही. ही प्रतवारी पुरावा किती पक्का आहे हे सांगते. धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. अमेरिकेत 1993 पासून सुमारे 89,000 फवारणी करणारे लोक व त्यांच्या जोडीदारांची पाहणी चालली. त्यांच्यात एकंदर कर्करोग इतर लोकांपेक्षा कमी आढळला. मात्र पुरःस्थ ग्रंथीचा व रक्ताचे काही कर्करोग अधिक आढळले. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु बेफिकीर राहण्याचेही नाही.

डब्यावरील त्रिकोण

औषधाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा हे रंग ते औषध पोटात गेल्यास वा अंगावर पडल्यास लगेच किती मारक आहे, एवढेच दर्शवितात. कर्करोगाविषयी त्रिकोण काहीच सांगत नाही. हिरव्या त्रिकोणाचे औषध उघड्या हाताने ढवळणे म्हणूनच योग्य नव्हे.

खबरदारी

1. औषध काठीने ढवळावे. हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा, पूर्ण विजार व रबरी बूट वापरावे. नाकातोंडावर मुखवटा असावा. मांड्यांपुढे प्लॅस्टिकचा कपडा बांधल्यास ओल्या पानांपासून बचाव होतो.
2. गळका पंप वापरू नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने व भर उन्हात फवारू नये. तोंडाने नोझल फुंकू नये.
3. हात साबणाने धुतल्याखेरीज खाऊ, पिऊ नये. खर्रा, तंबाखू व बिडी ही स्वतःच कर्करोगकारक आहेत. ती सोडणे सर्वांत लाभाचे.
4. काम संपताच साबण लावून आंघोळ करावी. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, आणि ते धुणाऱ्या घरच्या बाईनेही हातमोजे घालावे.
5. फवारलेल्या शेतात लगेच निंदणीस वा वेचणीस जाऊ नये. रिकामे डबे तीनदा विसळून फोडावे. त्यांत पाणी वा धान्य कदापि साठवू नये.
6. मजूर लावणाऱ्याने ही साधने मजुरास द्यावी. 1971 च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूद आहे.

तोंडातील न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा, लघवीतून रक्त, न जिरणारी गाठ, दीर्घकाळचा खोकला यांपैकी काही दिसल्यास अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय येथे विनाविलंब दाखवावे. आपण कोणता धंदा किती वर्षे करीत आहो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पुढील उपचाराची सोय नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात आहे. रोग लवकर ओळखला गेल्यास बरा होण्याची आशा पुष्कळ असते.

पीक वाचविण्यासाठी फवारणी करावीच लागते. परंतु फवारणाऱ्याची काया ही त्या पिकाहून मोलाची आहे. कोणते द्रव्य किती घातक, याचा वाद शास्त्रज्ञ मिटवितील तेव्हा मिटवोत. एक साबणाची वडी, एक जोडी हातमोजे आणि सायंकाळची आंघोळ यांसाठी शेतकऱ्याने तोवर थांबण्याची गरज नाही.