अतिसंवाहकांची गणकयंत्रे



वसंतातल्या या उकाड्यात मी आपणांस शून्याखाली २६९ अंशांच्या थंडीत नेणार आहे. तिथे जायचे कारण मात्र उष्णता हेच आहे. संगणक काही वेळ चालला की तापतो, हे आपण हात लावून पाहिले असेल. तारेतून वीज वाहताना तिला रोध होतो आणि त्या रोधाची उष्णता बनते. वेग वाढवावा तर उष्णताही वाढते.

१९११ साली हॉलंडमधील लायडेन येथे कामरलिंग ओन्नेस यांना असे आढळले की, द्रवरूप हेलियमच्या थंडीत पाऱ्यातील रोध एकाएकी नाहीसा होतो. हीच अतिसंवाहकता. पुढे १९६२ साली केंब्रिजमधील ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने गणिताने दाखविले की, दोन अतिसंवाहकांमध्ये विद्युत्‌रोधक पदार्थाचा अतिशय पातळ पापुद्रा असला, तरी त्यातून काही मर्यादेपर्यंत प्रवाह दाबावाचून पलीकडे जाईल. मर्यादा ओलांडली की सांध्यावर दाब उत्पन्न होतो. म्हणजे हे एक अतिजलद बटनच झाले!

संगणकाला अंक दोनच ठाऊक, शून्य आणि एक. आय.बी.एम. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाब नसला तर शून्य आणि असला तर एक, अशी खूण धरली. पण हे दार कडीचे निघाले. एकदा दाब आला की, प्रवाह शून्यावर आणल्याखेरीज सांधा पूर्ववत होईना. म्हणून प्रत्येक ठोक्याला यंत्राचा वीजपुरवठा चढवावा आणि उतरवावा लागे. स्मृतिकोशाच्याही अडचणी होत्याच. १९८३ साली कंपनीने तो प्रकल्प सोडला.

१९८५ साली मॉस्को विद्यापीठात लिखारेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खूणच बदलली. अतिसंवाहक कड्यात चुंबकत्व नाण्यांसारखे पूर्ण मापांनीच सामावते. अर्धे माप नाही. सांध्यातून एक माप सरकले की दाबाचा एक क्षणिक स्पंद उठतो. दोन ठोक्यांच्या मध्ये स्पंद आला तर एक, न आला तर शून्य! सांधा आपोआप पूर्वस्थितीला यावा म्हणून त्याला एक लहानसा रोध मुद्दाम जोडला. ज्या रोधाला आपण भीत होतो, तोच इथे कामी आला. हा स्पंद सेकंदाच्या एक-दोन लाख-कोटीव्या भागापुरताच टिकतो. १९९९ साली नायोबियम धातूच्या एका लहानशा मंडलाने सेकंदाला ७७ हजार कोटी स्पंदांपर्यंत बिनचूक काम केले.

मग असा संगणक आपल्या घरी का नाही? या थंडीतून एक वॉट उष्णता बाहेर काढावयास शेकडो वॉट खर्ची पडतात आणि तेथे चालणारा मोठा, दाट स्मृतिकोश अजून हाती नाही. घरगुती यंत्राला हे परवडणारे नाही. पण प्रचंड गणनगृहांचा विजेचा खर्च वाढतो आहे. तिथे हा हिशेब पुन्हा मांडून पाहावा लागेल.