धावण्याच्या चाचणीतील चिप

जिल्हा पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या शारीरिक चाचणीत पुरुषांच्या १६०० व महिलांच्या ८०० मीटर धावण्यास २० गुण आहेत. भंडारा जिल्ह्यात पहाटे रस्त्यांवर सराव करणाऱ्या युवकयुवतींच्या दृष्टीने म्हणूनच एकेका सेकंदाचे मोल मोठे. तुकडीने धावणाऱ्या उमेदवारांची वेळ स्टॉपवॉचने टिपणे कठीण. तेथे चिप उपयुक्त ठरते. रेषेवरील अँटेनाच्या रेडिओलहरींनी ती कार्यान्वित होऊन आपला क्रमांक कळविते. फेरी चुकविणाराही उघडा पडतो. मात्र शरीरातील पाणी या लहरी शोषते. चिप चेस्ट नंबरवर असेल तर तो घामाने अंगास चिकटता कामा नये. त्यापेक्षा घोट्यास बांधलेली बरी. शंभर मीटरचा निकाल छाती रेषेवर पोहोचण्यावर ठरतो. तेथे छायाचित्रण यंत्रच हवे. शाळेतील वीस-पंचवीस मुलांच्या शर्यतीस दोन स्टॉपवॉच आणि दक्ष पंच पुरेसे आहेत.