शाळेत भेटलेली कादंबरी आणि तिचे वाचक : 'श्यामची आई'च्या संदर्भात

प्रस्तावना :

काही पुस्तके वाचक स्वतः शोधून काढतो. काही पुस्तके मात्र त्याला शाळेने हाती दिलेली असतात. पाठ्यपुस्तकातून भेटलेल्या पुस्तकाविषयी पुढे आयुष्यभर प्रेम टिकणे ही तशी सोपी गोष्ट नाही. प्रश्नोत्तरे, संदर्भासह स्पष्टीकरण आणि परीक्षेतील गुण यांच्या धाकात वाचलेला मजकूर बहुधा परीक्षेबरोबरच विस्मरणात जातो. साने गुरुजींची 'श्यामची आई' हा या नियमाला मराठीतील सर्वांत ठळक अपवाद होय. या कृतीवर वाचकांनी केलेले प्रेम नेमके कशातून निर्माण होते आणि प्रौढ वयात त्या प्रेमाचे काय होते, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. हा विचार करताना शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. पलीकडे पेरणे येथे असलेला जयस्तंभ, जवळचा सणसवाडीचा औद्योगिक पट्टा, बाहेरून कामासाठी आलेली कुटुंबे आणि २०१८ च्या १ जानेवारीला घडलेला हिंसाचार, या सर्वांची छाया ज्या शाळकरी मुलांवर पडते, तीही राज्यातील इतर मुलांप्रमाणेच श्यामला वर्गात भेटतात. निरनिराळ्या घरांतून आलेल्या या मुलांना एकच पुस्तक आपले वाटावे अशी अपेक्षा शाळा करते. ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे, हा या लेखामागचा खरा प्रश्न आहे.

कृतीचे स्वरूप :

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि नाशिकच्या तुरुंगात असताना ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी हे लेखन हाती घेतले. १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते पूर्ण झाले. १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. आश्रमातील प्रार्थनेनंतर श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची रचना असून एकूण बेचाळीस रात्री आहेत. हे आत्मचरित्र की कादंबरी, हा वाद समीक्षकांनी पुष्कळ घातला आहे. वाचकांना त्याची फारशी अडचण कधी भासलेली नाही.

या रचनेतच पुस्तकाच्या शालेय यशाचे एक कारण दडलेले आहे. प्रत्येक रात्र स्वतंत्र आहे, ती एका तासिकेत मोठ्याने वाचून संपते आणि मुळात ती सांगण्यासाठीच रचलेली आहे. लेखक स्वतः शिक्षक असल्याने मुलांचे लक्ष कोठे सुटते हे त्यांना ठाऊक होते. दुसरे असे की, पाठ्यपुस्तकात येतो तो उतारा. उतारा वाचकाला अर्धवट ठेवतो. ज्या मुलाला ग्रंथालयातून पूर्ण पुस्तक मिळते, त्याला ते सक्तीचे वाटत नाही. आपण ते मिळवले असे वाटते. शालेय वाचनातून निर्माण होणाऱ्या प्रेमात या मिळवण्याचा वाटा मोठा असतो. शाळेने परिचय करून द्यावा आणि नंतर बाजूला व्हावे, हे 'श्यामची आई'च्या बाबतीत बहुतांशी आपोआप घडत गेले.

आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाने या परिचयात भर घातली. वनमाला यांनी आईची आणि माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. राष्ट्रीय पुरस्कार प्रथमच देण्यात आले तेव्हा, १९५४ साली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. अत्रे स्वतः 'नवयुग वाचनमाले'चे कर्ते होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. शाळेचे पुस्तक आणि पडदा यांच्यामधील वाट त्यांना चांगली माहीत होती.

बालवाचन आणि प्रौढवाचन :

लहानपणी वाचलेल्या 'श्यामची आई'तून सामान्यतः तीन-चार प्रसंग लक्षात राहतात. झाडावरच्या कळ्या अवेळी तोडणाऱ्या मुलाला आई फुलांचा जीव समजावून सांगते. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला ती मारते आणि तो पोहून आल्यावर त्याच्यासाठी दही राखून ठेवते. अळणी भाजी वडील काही न बोलता जेवतात. मूल या प्रसंगांत स्वतःची आई पाहते. आईचा मार आणि आईची माया यांतील विसंगती मुलाला रोजच अनुभवावी लागते. ती पुस्तकात कोणीतरी लिहून ठेवली आहे, हा त्याला मिळणारा पहिला मोठा दिलासा असतो.

वयाच्या तिशी-चाळिशीत तेच पुस्तक पुन्हा उघडणाऱ्या वाचकाला मात्र निराळीच कादंबरी भेटते. ती कर्जाची कादंबरी असते. एका खोत घराण्याची मालमत्ता जाते, सावकाराचा माणूस दाराशी येऊन बसतो, घरात तेल असले तर मीठ नसते, अब्रूचे धिंडवडे निघतात आणि ज्या बाईने दागिने अंगावर घालून या घरात पाऊल ठेवले, ती कष्टाने व काळजीने झिजून अकालीच जाते. शिक्षणासाठी दूर राहिलेला श्याम तिच्या अखेरच्या क्षणी जवळ नसतो. 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' हे प्रकरणाचे शीर्षक बारा वर्षांच्या मुलाला सुविचारासारखे वाटते. हातउसने, पतसंस्थेचे हप्ते आणि मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडणाऱ्या पित्याला त्यात सुविचार दिसत नाही. भीमाकाठच्या शेतकरी घरांत या भागाला टिपण लावण्याची गरज पडत नाही. कोकणातील ब्राह्मण खोताची गोष्ट सोवळे, व्रते, पूजा यांसह अपरिचित असूनही त्यांना जवळची का वाटते, याचा उलगडा येथे होतो. पुस्तकातील संस्कार परके असू शकतात, परंतु टंचाई परकी नसते. या पुस्तकावर भावविवशतेचा जो आक्षेप घेतला जातो, तो पूर्वार्धापुरता काहीसा खरा आहे. उत्तरार्धातील आर्थिक तपशील मात्र बराच कोरडा आणि कठोर आहे.

एक मोळी आणि एक आंघोळ :

प्रेमाची कसोटी लागते ती 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणात. एका वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावरील लाकडांची मोळी खाली पडते. अस्पृश्य म्हणून तिला हात लावायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला सांगते. परंतु त्यानंतर आंघोळ करायलाही सांगते. वर्गात या प्रसंगातील पहिली आज्ञा ठसविली जाते, दुसरी सहसा वाचून पुढे जातात. आता असा वर्ग कल्पावा की ज्यात त्या वृद्धेच्या समाजातील मुले आणि इतर समाजांतील मुले एकाच बाकावर बसलेली आहेत. मोळी उचलल्याचा आनंद आणि त्यानंतरच्या आंघोळीचा सल, दोन्ही एकाच बाकावर पोहोचतात. कथेत वृद्धेचे दुःख दिसते, पण गोष्ट श्यामची राहते. तिच्या बाजूने ही संध्याकाळ कशी गेली असेल, हे पुस्तक सांगत नाही.

असा अनुभव केवळ मराठी वाचकाचा आहे असे नाही. हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही १९६० सालची कादंबरी अमेरिकेतील असंख्य वाचकांनी शाळेतच प्रथम वाचली. त्यातील वकील अ‍ॅटिकस फिंच हा अनेकांना आदर्श पिता वाटत आला. २०१५ साली लेखिकेचे आधी लिहिलेले 'गो सेट अ वॉचमन' प्रसिद्ध झाले आणि त्यातील अ‍ॅटिकस वर्णभेदाचे समर्थन करताना आढळला, तेव्हा वाचकांना आपलीच फसवणूक झाल्यासारखे वाटले. तेथे दुसरे पुस्तक यावे लागले. येथे तर ती आंघोळ पहिल्याच पुस्तकात, सर्वांसमोर आहे.

साने गुरुजींनी ती लपविली नाही, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण मानता येईल. शतकाच्या आरंभीच्या कोकणातील एक स्त्री ज्या मर्यादेपर्यंत जाऊ शकली, तेथपर्यंतच त्यांनी तिला नेले. ती मर्यादा ओलांडण्याचे काम त्यांनी स्वतः केले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी प्राणांतिक उपोषण केले आणि दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला. प्रकरण शिकविताना ही हकिकत जोडली गेली तर मुलांना आईचे पाऊल आणि मुलाचे पाऊल यांतील अंतर दिसेल. तरीही हे उत्तर पुरेसे नाही. उपोषण करणारा पुन्हा श्यामच असतो.

वृद्धेच्या बाजूचे पुस्तक वेगळेच आहे. दरवर्षी १ जानेवारीला जयस्तंभाच्या परिसरात जी ग्रंथविक्री होते, तिच्यामागील वाचनपरंपरा शाळेने घडविलेली नाही. अण्णा भाऊ साठे यांची १९५९ सालची 'फकिरा' ही या परंपरेतील लाडकी कादंबरी. ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली असून तिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिचा लेखक शाळेत जेमतेम दीड दिवस गेला होता. मोळी खाली ठेवून उठलेला माणूस या कादंबरीत नायक होतो. साने गुरुजी जयंती आणि हा दिवस यांत जेमतेम आठवड्याचे अंतर आहे. दोन्ही पुस्तके एकाच घरात, एकाच मुलाच्या दप्तरात असण्यास हरकत नाही. परंतु पहिल्याला 'संस्कार' आणि दुसऱ्याला 'विद्रोह' असे शिक्के मारून ती वेगवेगळ्या कपाटांत ठेवण्याची सवय अद्याप गेलेली नाही.

आवृत्त्यांविषयी :

साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्याने २०११ पासून हे पुस्तक कोणालाही छापता येते. त्यामुळे आज अनेक प्रकाशनांच्या स्वस्त आवृत्त्या उपलब्ध आहेत. शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्याने मराठी वाचू न शकणाऱ्या, परगावी वाढलेल्या मराठी मुलांनाही ते खुले झाले आहे. शालेय ग्रंथालयासाठी प्रती घेताना किंमत आणि चित्रे पाहिली जातात. त्याबरोबरच अनुक्रमणिका उघडून कर्जाची प्रकरणे व 'देवाला सारी प्रिय' हे प्रकरण आवृत्तीत शाबूत आहे किंवा नाही, आणि असल्यास त्यातील आंघोळीचे वाक्य जागेवर आहे किंवा नाही, हे शिक्षकांनी तपासून घ्यावे.