वाळीत टाकण्याचा अधिकार कोणाला? बहुसांस्कृतिक भारतात व्यक्ती आणि समुदाय

मराठीत ‘वाळीत टाकणे’ हा शब्दप्रयोग फार जुना आहे. एखाद्या कुटुंबाने गावकीचा किंवा जातपंचायतीचा निर्णय मानला नाही, मुलीने जातीबाहेर विवाह केला किंवा पंचांनी ठोठावलेला दंड भरला नाही, तर त्या कुटुंबाशी बोलणे बंद होते. दुकानदार माल देत नाही, लग्नकार्याची आमंत्रणे थांबतात आणि घरात मृत्यू झाला तर खांदा द्यायलाही कोणी पुढे येत नाही. कोणाला तुरुंगात टाकलेले नसते, कोणी कोणावर हात उचललेला नसतो. तरीही त्या कुटुंबाचे जगणे अशक्य होऊन बसते. व्यक्ती श्रेष्ठ की समूह, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत अमूर्त वाटतो. भारतात तो असा उंबरठ्यावर येऊन उभा राहतो.

या प्रश्नाची मांडणी बहुधा ‘पाश्चात्त्य व्यक्तिवाद विरुद्ध भारतीय समूहभावना’ अशी केली जाते. ही विभागणी सोयीची असली तरी तिच्यातून फारसे काही उलगडत नाही. समुदाय हा माणसाचा पहिला आधार असतो, हे कोणत्याही स्थलांतरिताला ठाऊक आहे. कोकणातून मुंबईत आलेल्या चाकरमान्यांनी गावाच्या नावाने चालणाऱ्या खोल्यांत दिवस काढले. गोव्यातून आलेल्या खलाशांना आणि नोकरदारांना आपापल्या गावाच्या ‘कूड’ नावाच्या निवासांनी आसरा दिला. अनोळखी शहरात ओळख देणारा, नोकरीसाठी शब्द टाकणारा आणि आजारपणात उशाशी बसणारा माणूस याच जाळ्यातून मिळाला. मात्र पडणाऱ्याला झेलणारे हे जाळे बाहेर पडू पाहणाऱ्याला अडवूही शकते. म्हणून समुदाय हवा की नको, यापेक्षा वेगळा प्रश्न विचारणे भाग आहे: समुदायाला ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाला त्याची किती किंमत मोजावी लागावी, आणि ती कोणी ठरवावी?

संविधानातील दुहेरी रचना

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे विचारार्थ मांडला. गाव हा नव्या राज्यरचनेचा पाया असावा, असा आग्रह तेव्हा अनेकजण धरत होते. मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला एकक मानले, याबद्दल डॉ. आंबेडकरांनी त्या भाषणात समाधान व्यक्त केले. ज्या गावाचे गुणगान केले जात होते, त्याच गावाने अस्पृश्यांना पाणवठ्यापासून दूर ठेवले होते, हे त्यांच्या भूमिकेमागचे वास्तव होते. त्याआधी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली होती. त्यासाठी त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता.

संविधान मात्र केवळ व्यक्तीपाशी थांबले नाही. अनुच्छेद २९ ने स्वतंत्र भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या गटाला ती जतन करण्याचा हक्क दिला. अनुच्छेद ३० ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा हक्क दिला. धर्मस्वातंत्र्याच्या बाबतीत तर ही दुहेरी रचना अधिक स्पष्ट दिसते. अनुच्छेद २५ मधील हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे, तर अनुच्छेद २६ मधील हक्क धार्मिक संप्रदायाचा. पहिला हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदींच्या अधीन आहे. दुसऱ्या हक्कावर सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य या तीनच मर्यादा घातलेल्या आहेत. ‘इतर तरतुदी’ हे शब्द तेथे नाहीत. संप्रदायाचा नियम आणि सदस्याची समानता यांत संघर्ष झाल्यास काय करायचे, हा वाद या फरकातून सुरू होतो.

आणखी एक अडचण आहे. बहुतेक मूलभूत हक्क शासनसंस्थेविरुद्ध मागता येतात. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ किंवा वेठबिगारीस मनाई करणारा अनुच्छेद २३ यांसारखे थोडे हक्क खासगी व्यक्तींनाही बांधून ठेवतात. पंच, भावकी किंवा शेजारी ही शासनसंस्था नव्हे. त्यामुळे समुदायापासून व्यक्तीचे रक्षण करायचे, तर त्यासाठी स्वतंत्र कायदे करावे लागतात.

कुटुंब: सर्वांत जवळचा समूह

अशा कायद्यांचा जुना आणि बोधक दाखला एकत्र कुटुंबाचा आहे. ब्रिटिश राजवटीत हिंदू एकत्र कुटुंबातील एखादा सदस्य कुटुंबाच्या खर्चाने विशेष शिक्षण घेऊन कमावू लागला, तर त्याची कमाई त्याची स्वतःची की साऱ्या कुटुंबाची, असा वाद न्यायालयांपुढे येत असे. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गोकल चंद प्रकरणात भारतीय सनदी सेवेतील अधिकाऱ्याची कमाईही कुटुंबाच्या मालमत्तेत धरली, कारण त्या शिक्षणासाठी कुटुंबाचा पैसा खर्च झाला होता. या निर्णयाने सुशिक्षित वर्गात अस्वस्थता पसरली. कायदेपंडित मुकुंदराव जयकर यांच्या पुढाकाराने १९३० मध्ये ‘हिंदू गेन्स ऑफ लर्निंग’ कायदा संमत झाला आणि विद्येच्या बळावर मिळवलेली कमाई ही कमावणाऱ्याची, हे निश्चित झाले.

स्त्रियांना मात्र पुढे बराच काळ वाट पाहावी लागली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद मानणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. देशपातळीवर ती २००५ मध्ये झाली. २००५ च्या दुरुस्तीवेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क अबाधित राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. या प्रत्येक टप्प्यावर कुटुंबव्यवस्था मोडेल, अशी भीती व्यक्त झाली. कुटुंबे टिकली, आतल्या माणसांचे अधिकार तेवढे बदलले. हक्क मिळाल्यामुळे समूह नष्ट होतोच असे नाही, हे या इतिहासातून दिसते.

बहिष्काराचा न्यायालयीन प्रवास

कुटुंबाबाहेरच्या समुदायाच्या बाबतीत वाट इतकी सरळ नव्हती. तत्कालीन मुंबई प्रांताने १९४९ मध्ये समाजातून बहिष्कृत करण्यास मनाई करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या तत्कालीन धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले. ९ जानेवारी १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. धार्मिक कारणावरून एखाद्याला बहिष्कृत करणे हा संप्रदायाच्या स्वतःचा कारभार पाहण्याच्या अधिकाराचा भाग आहे, अशी बहुमताची भूमिका होती. शिस्त राखण्याचे साधन नसेल, तर धर्मसंस्था टिकणार कशी, असा हा युक्तिवाद होता. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांचे मत वेगळे पडले. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्यासारखा होतो. त्याचे मानवी अस्तित्व आणि नागरी हक्क जपणे हा या कायद्याचा हेतू आहे, असे त्यांनी मांडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९६२ च्या निर्णयाचा फेरविचार करण्याचा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

दरम्यान महाराष्ट्रात जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध जनमत तयार झाले. २०१३ मध्ये नाशिकमधील एका हत्येनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याचे अभियान सुरू केले. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा संमत केला आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर जुलै २०१७ पासून तो लागू झाला. बहिष्कार लादणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कोणत्या कृतींना बहिष्कार मानावे, याची सविस्तर यादी कायद्यात आहे. ‘आम्ही फक्त बोलत नाही, त्यात गुन्हा काय’ हा बचाव सामूहिकपणे केलेल्या कृतीला आता सहज लागू पडत नाही.

लहान समुदायांची बाजू

तरीही समुदायाची प्रत्येक मर्यादा म्हणजे जुलूम, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०११ च्या जनगणनेत देशातील पारशींची संख्या ५७,२६४ इतकी होती. कोट्यवधींच्या समाजातील एखाद्याने परंपरा सोडली, तर तिच्या अस्तित्वावर परिणाम होत नाही. काही हजारांच्या समाजात प्रत्येक विवाह हा भवितव्याचा प्रश्न वाटतो. सर्वांना समान मोजमाप लावले, तर मोठ्या समाजाची संस्कृती आपोआप टिकते आणि लहान समाजाची हळूहळू विरघळते, ही त्यांची भीती निराधार नाही.

पण या भीतीची किंमत कोणी मोजायची, हेही पाहावे लागते. विशेष विवाह कायद्याखाली धर्माबाहेर विवाह केलेल्या एका पारशी महिलेला वलसाड येथील समाजसंस्थेने धर्मस्थळांत प्रवेश नाकारला. आपल्या आईवडिलांच्या अंत्यप्रार्थनेला तरी उपस्थित राहता यावे, ही तिची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. डिसेंबर २०१७ मध्ये संस्थेने त्या प्रार्थनेपुरती परवानगी देण्याची तयारी दाखवली. तत्त्वाचा प्रश्न न सुटताही माणुसकीचा मार्ग निघू शकतो, हे त्यातून दिसले. समाज वाचवण्याचा भार बहुतेक वेळा स्त्रियांच्या निवडीवर येतो, हेही त्यातून ध्यानात येते.

नागालँडचा अनुभव वेगळ्या वाटेने जातो. अनुच्छेद ३७१-अ नुसार नागांच्या धार्मिक व सामाजिक प्रथा, रूढिप्राप्त कायदा आणि जमिनीची मालकी यांविषयीचा संसदेचा कायदा विधानसभेच्या ठरावाशिवाय तेथे लागू होत नाही. नागरी स्थानिक संस्थांत स्त्रियांना ३३ टक्के आरक्षण देण्यास याच तरतुदीच्या आधारे काही आदिवासी संघटनांनी विरोध केला. २०१७ च्या आरंभी या वादातून हिंसाचार झाला, निवडणूक थांबली आणि मुख्यमंत्री टी. आर. झेलियांग यांना पद सोडावे लागले. आरक्षणासाठी न्यायालयात गेलेल्या स्त्रिया बाहेरच्या नव्हत्या. नागा मदर्स असोसिएशनशी संबंधित नेत्यांनीच ही लढाई लढली. पुढे राज्याने २०२३ मध्ये नवा नगरपालिका कायदा केला. त्यात स्त्रियांचे आरक्षण राहिले आणि जमिनीवरील करासारखे वादग्रस्त मुद्दे वगळले गेले. जून २०२४ मध्ये, सुमारे वीस वर्षांच्या खंडानंतर, या निवडणुका पार पडल्या. ‘समुदायाचे मत’ म्हणून जे मांडले जाते, ते प्रत्यक्षात समुदायातील कोणाचे मत आहे, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

बाहेर पडण्याची वाट, आत बोलण्याची मुभा

व्यक्ती आणि समुदाय यांच्यातील वाद तोलताना दोन कसोट्या उपयोगी पडतात. पहिली: सदस्याला सर्वस्व न गमावता बाहेर पडता येते काय? दुसरी: जो बाहेर पडू इच्छित नाही, त्याला आत राहून नियम बदलण्याची मागणी करता येते काय? यातील एकही वाट खुली नसेल, तर त्या सदस्याच्या संमतीला अर्थ उरत नाही.

पहिल्या कसोटीवर आपला कायदाही पूर्णपणे उतरत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न बदलता विवाह करण्याची सोय केली. परंतु त्यासाठी ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि कोणालाही हरकत घेता येते. ज्या कुटुंबापासून लपून दोघे निघालेले असतात, त्याच कुटुंबाला अशा नोटिशीमुळे सुगावा लागतो. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर ठेवली. याच कायद्याच्या कलम १९ नुसार एकत्र कुटुंबातील हिंदू सदस्याने या पद्धतीने विवाह केल्यास तो कुटुंबापासून कायद्यानेच विभक्त होतो. १९७६ च्या दुरुस्तीने दोघेही हिंदू असल्यास ही अट काढून टाकली. धर्माबाहेर विवाह करणाऱ्यासाठी मात्र ती कायम राहिली. दोन प्रौढ व्यक्तींच्या विवाहासाठी कुटुंबाची वा समाजाची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. न्यायालयाचा हा निर्वाळा आणि विवाह नोंदणी कार्यालयाच्या फलकावरील नोटीस यांत अजून बरेच अंतर आहे.

दुसऱ्या कसोटीला कायदा मर्यादितच मदत करू शकतो. बहिष्कार लादणाऱ्या पंचांना शिक्षा करता येते, पण शेजाऱ्याने पुन्हा घरी यावे, असा आदेश कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. शिवाय तक्रार नोंदवणाऱ्याला बहुतेकदा त्याच गावात, त्याच भावकीत पुढचे आयुष्य काढायचे असते. म्हणून शिक्षेइतकेच महत्त्व शाळा, बँक, दवाखाना, स्वस्त धान्य दुकान आणि स्मशानभूमी यांसारख्या सोयी कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नसण्याला आहे. या गोष्टी हक्काने मिळत असतील, तर माणूस भीतीपोटी नव्हे, तर आपुलकीने समुदायात राहतो आणि पटले नाही तर तेथेच उभे राहून तसे सांगू शकतो.