ठाणे खाडीवर पक्षी बघायला जाताय? आधी चाँदची तारीख बघा

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाची, १२ तारीख डॉ. सलीम अली यांच्या. या दिवसांत शाळा, मोहल्ल्यातली मंडळं, मित्रांचे गट शनिवार-रविवार गाठून पक्षी बघायला निघतात. मुंबई-ठाण्यातल्या कुटुंबांसाठी सोयीची जागा म्हणजे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. ते २०१५ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये त्याला पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जाही मिळाला.

पण जाऊन आलेले बरेच लोक सांगतात, "काही दिसलंच नाही. नुसतं पाणी होतं." किंवा, "नुसता चिखल होता, पक्षी लांब ठिपक्यांसारखे." दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. कारण खाडीवर घड्याळ चालत नाही, भरती-ओहोटी चालते. आणि ती चाँदवर चालते.

कोळी बांधवांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. आपल्या घरांत तिथी माहीत नसते, पण चाँदची तारीख माहीत असते. तिच्यात एक-दोन मिळवा, साधारण तिथी येते. चौदा-पंधराच्या पुढे तिथी पुन्हा एकपासून सुरू होते, तेवढं लक्षात ठेवा. अंदाजाला एवढं पुरतं, पक्की वेळ मात्र भरतीच्या तक्त्यात बघून घ्यावी. मुलांना गणित आवडत नसेल तर हे एक उदाहरण करून दाखवा.

आता याचा उपयोग कसा? पाणी चढत असताना, पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी, चिखलाची पट्टी आकसत जाते आणि लांब पांगलेले पक्षी काठाकडे सरकतात. बघायला हीच वेळ उत्तम. चाँदची ६ किंवा ७ तारीख शनिवारी येत असेल तर दुपारी तीन-साडेतीनला काठावर पोहोचावं. रविवारी सकाळी सातनंतर उतरतं पाणी बघता येतं, उघड्या पडलेल्या ताज्या चिखलावर पक्षी तुटून पडतात. उलट १ किंवा १५ तारखेच्या आसपास गेलात तर सकाळी सहाला ओहोटी असते. तेव्हा पहाटे उठून धावपळ करण्यात अर्थ नाही, नऊनंतर जा आणि जोहरच्या आत परत फिरा. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, तिची वेळही पाण्यावरच ठरते. म्हणून आधी चौकशी करा.

ज्याला आपण घाण चिखल म्हणतो तो खरं तर दस्तरखान आहे. किडे, शिंपले, छोटे खेकडे वेगवेगळ्या खोलीवर राहतात आणि प्रत्येक पक्ष्याची चोच वेगळ्या खोलीची. चिखल्याची चोच आखूड. तो डोळ्यांनी शोधतो, चार पावलं पळतो, थांबतो, टिपतो. मालगुजा, म्हणजे गॉडविट, लांब सरळ चोच मुळापर्यंत खुपसतो. कोरल, म्हणजे कर्ल्यू, वाकड्या चोचीने त्याहून खोल जातो. एकाच जागेवर सगळे जेवतात, भांडण कमी. नाव ओळखता आलं नाही तरी मुलांना चोच आणि चाल बघायला सांगा, ओळख तिथूनच सुरू होते. यांतले बरेच पक्षी मध्य आशिया आणि सैबेरियातून आलेले असतात.

फ्लेमिंगोंची मात्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला फार आशा ठेवू नका. त्यांचे मोठे थवे पुढे हिवाळ्यात जमतात. पूर्वी खाडीतली त्यांची मोजणी लाखाच्या वर गेलेली आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने इथल्या काही फ्लेमिंगोंना उपग्रहाचे टॅग लावले, त्यांत एकाचं नाव 'सलीम' आणि एकाचं 'हुमायून' ठेवलं. सलीम अली सर्वांना ठाऊक आहेत. हुमायून अब्दुलअलीही मुंबईचेच मोठे पक्षीतज्ज्ञ, पण आपल्याच घरांत त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. पक्षी बघणं हा "साहेब लोकांचा शौक" असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. ते मला पटत नाही.

खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. भरतीत चिखल बुडाला की हे पक्षी काही तास कुठे बसतात? उथळ पाण्याची, उघडी, शांत जागा लागते: भांडुपकडची मिठागरं, नवी मुंबईत सीवूड्सची तळी. यांतल्या बऱ्याच जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. म्हणजे जेवायची जागा राखीव, आरामाची नाही. बसायला जागा मिळाली नाही तर पक्षी उडत राहतात आणि प्रवासासाठी साठवलेली चरबी तिथेच खर्ची पडते. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पूर्व उपनगरांतली सुमारे २५६ एकर मिठागर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी घ्यायला मंजुरी दिली. धारावीत आपलेही हजारो लोक राहतात, त्यांना पक्कं घर मिळालंच पाहिजे. पण ते मिठागरावरच का, हा प्रश्न विचारणारा माणूस घराच्या विरोधात आहे असं समजू नये. पावसाचं पाणी जिरायलाही हीच जमीन कामी येते.

म्हणून शनिवारी खाडी बघितली तर रविवारी भरतीच्या वेळी एखादी आरामाची जागाही बघा, लांबूनच. गट बारा-पंधरा जणांचा पुरे. दोन मुलांत एक दुर्बीण चालते, ८ बाय ४२ ची असली तर उत्तम. कपडे मातकट रंगाचे असावेत. काळ्या बुरख्याचं पक्ष्यांना काही वाटत नाही, चमकीची ओढणी मात्र घरी ठेवा. थवा उडवून फोटो काढणाऱ्याला गटातल्या मोठ्याने तिथेच थांबवावं. मोजताना आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढा तुकडा डोळ्यांत धरायचा आणि थव्यात असे किती तुकडे बसतात ते बघायचं. तारीख, वेळ, जागा आणि आकडा वहीत लिहून ई-बर्डवर टाकला की तो अभ्यासकांना वापरता येतो. उद्या त्या तळ्याबद्दल कुणी म्हणालं की इथे पक्षी येतच नाहीत, तर दाखवायला ही नोंद असते.