आधी घरच्यांना

मार्काच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात एक भूतग्रस्त माणूस बरा होतो आणि येशूबरोबर जायची परवानगी मागतो. येशू ती देत नाही. घरी जा, तुझ्या माणसांना काय घडले ते सांग, असे म्हणून त्याला परत पाठवतो. लगेच पुढच्या अध्यायात येशू स्वतः आपल्या गावी जातो आणि गावकरी म्हणतात, हा तर इथला सुतार, याची आई, भाऊ, बहिणी सगळे आपल्या माहितीतले! तिथे त्याचे फारसे कुणी ऐकत नाही. आज्ञा आणि तिची अडचण अशी पाठोपाठ आली आहे.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातले जे शिकलेले तरुण ख्रिस्ती झाले, त्यांच्यापुढे हे दोन्ही अध्याय एकदमच उभे राहिले. बाजारात अनोळखी माणसांपुढे प्रवचन करता येई. घरी सांगायचे तर घराचे दार बंद झालेले असे. बाप्तिस्म्याच्या दिवशी पंगत, पाणवठा, देवघर सगळेच तुटे. आणि समाजाला खरी धास्ती होती ती गोऱ्या पाद्र्यापेक्षा या घरच्या माणसाची. पाद्री परका होता, त्याचे बोलणे झटकून टाकता येई. सख्खा भाऊ बोलू लागला की ते जमत नसे.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता, वयाने लहान होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने श्रीपतला वडिलांच्या हवाली केले. मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावरून मुंबईचे ब्राह्मण दुभंगले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीची बाजू घेतली आणि त्यासाठी स्वजातीयांचा रोष पत्करला. नारायण पुढे रेव्हरंड झाले, जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. मोठ्या भावाचा विश्वास धाकट्यापर्यंत पोचणार एवढ्या शक्यतेने सगळे शहर ढवळून निघाले होते.

कायद्याने यातला काही भाग सोडवायचा प्रयत्न केला. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही असे ठरले. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला विवाहविच्छेद मिळवता येऊ लागला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने सोडून दिले असेल तर दावा लावायचा. जोडीदाराने यायला नकार दिला तर न्यायाधीश प्रकरण वर्षभर पुढे ढकलत. वर्षानंतरही नकार कायम राहिला तर विवाह संपे. कायद्याने वाट पाहायला एक वर्ष दिले होते. कवी नारायण वामन टिळकांनी आपल्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची, त्याहून किती तरी अधिक वाट पाहिली.

टिळकांना नवा करार मिळाला तो आगगाडीच्या प्रवासात, राजनांदगावला जाताना, एका युरोपियन सहप्रवाशाकडून. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या, पदरी लहानगा दत्तू. ज्या घरात त्या वाढल्या ते सोवळ्याने ग्रासलेले घर होते. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना शिवाशिवीचे जे वेड लागले ते कधी सुटलेच नाही. घरात येणारे मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, इथवर ते गेले होते. अशा घरातल्या मुलीला नवरा बाटल्याची बातमी म्हणजे काय असेल! लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातली ती पाने वाचताना आजही पोटात कालवते.

टिळक पत्रे लिहीत राहिले. भेटायला येत राहिले. त्यांची माया कमी झाली नाही, त्यांनी दुसरा संसार मांडला नाही आणि बायकोने आधी धर्म बदलावा मग घरात यावे अशी अटही घातली नाही. चारेक वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याजवळ आल्या, तेव्हाही आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून आल्या. टिळकांनी ते मान्य केले. हा संतापी, लहरी, घरातले पैसे कुणालाही देऊन मोकळा होणारा माणूस या एका बाबतीत विलक्षण धीराने वागला, आणि मला टिळकांच्या सगळ्या कवितेइतकेच हे वागणे मोठे वाटते.

लक्ष्मीबाईंचे मन वळले ते राहुरीला, आणि कुणाच्या प्रवचनाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि उत्तराचा शोध त्यांनी स्वतःच्या बुद्धीने घेतला. ती माणसाचीच करणी, असे ठरताच त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. शेजारी कुणी जातीबाहेर जगत होते, म्हणून हा प्रश्न त्यांना सुचू शकला. उत्तर मात्र पूर्णपणे त्यांचे होते. ते टिळकांनी त्यांच्या तोंडी घातले असते, तर पुढची लक्ष्मीबाई मराठीला मिळाली असती असे मला वाटत नाही.

पंडिता रमाबाईंचा अनुभव अधिक कडू होता. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढणाऱ्या रमाबाई सगळ्या सुधारकांच्या लाडक्या होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तेच पुणे रागावले. त्याच वर्षी त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या होत्या. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात आनंदीबाईंनी जाहीर केले होते आणि ते पाळले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई पदवी घेत होत्या तेव्हा रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम त्या समारंभाला आल्या होत्या. एक ख्रिस्ती झालेली, एक न होण्याचा निश्चय केलेली, आणि दोघींचे नाते शाबूत. धर्माच्या वादांनी भरलेल्या त्या दशकात हा प्रसंग फार कमी आठवला जातो.

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. विधवांना तिथे आपापला धर्म पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतः प्रार्थना करत, मुलींना त्या खोलीत यायला बंदी नव्हती. बंदी नसणे म्हणजेच प्रचार, असे पुण्याचे म्हणणे पडले. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. मला दोन्ही बाजूंची वेदना कळते. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांना फसल्यासारखे वाटले. रमाबाईंना मात्र ज्या श्रद्धेने आपण उभ्या आहोत ती कपाटात कुलूप लावून ठेवणे अशक्य होते. याच सदनातल्या गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या आणि हिंदूच राहिल्या, हेही नोंदवले पाहिजे.

सांगणे कुठे संपते आणि धर्मांतर करणे कुठे सुरू होते, हा प्रश्न पुढे कायद्यापुढेही आला. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माच्या प्रसाराचे स्वातंत्र्य आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला : आपल्या धर्माची तत्त्वे सांगायचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. न्यायालयाने ही रेघ कागदावर ओढली. घरात, जुन्या मित्रांत ती रोज नव्याने ओढावी लागते.

टिळकांनी ती कशी ओढली, हे बालकवींकडे पाहिले की दिसते. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, हा कोवळा कवी पुढे आला आणि पुढे नगरला टिळकांच्या घरात घरच्या मुलासारखा राहिला. टिळकांना त्याच्या कवितेची काळजी होती, लक्ष्मीबाईंना त्याच्या जेवणाखाणाची. बालकवी हिंदूच राहिले. ज्या मराठी साहित्यजगातून टिळक धर्मांतराने दुरावले असते, त्यात ते असे परत गेले. त्यांनी लिहिलेली ख्रिस्ती भजनेही अभंग-ओवीच्याच वळणाची होती. संतांची वाणी त्यांनी सोडली नाही, म्हणून जुन्या माणसांना त्यांचे बोलणे परके वाटले नाही. १९१७ मध्ये अमेरिकन मिशन सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती.

१९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अकराव्या अध्यायापाशी थांबले होते. लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. एकेकाळी नवऱ्याच्या हातचे पाणी न घेणाऱ्या याच बाईंनी ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राचे पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहिले. त्या १९३६ मध्ये गेल्या, आणि ग्रंथ छापून काढला तो त्यांच्या दत्तूने.